अजून सापडलेला नाही

बँकॉकच्या पूर्व भागात बांगकपी नावाचा परिसर आहे. 2021 च्या अखेरीस नोकरीच्या निमित्ताने मी तिथे राहायला गेले आणि पुढची दोन वर्षे तिथेच राहिले. सेन सेप कालव्यातून धावणारी बोट, सदैव तुंबलेला रस्ता आणि सेरीथाई मार्गावरची 'निडा' ही संस्था, एवढाच माझ्या रोजच्या जगाचा नकाशा होता. निडा ही विकास-प्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण देणारी सरकारी संस्था; पण टॅक्सीवाल्याला नाव सांगितले की त्याच्या तोंडून 'पोल' हाच शब्द आधी यायचा. ही संस्था वर्षानुवर्षे जनमत चाचण्या घेते, निकाल बहुधा रविवारी जाहीर करते, आणि रविवारी दुसरे फारसे काही घडत नसल्यामुळे वृत्तवाहिन्या दिवसभर तोच तक्ता दाखवत बसतात.

मी पाहिलेला पहिला तक्ता डिसेंबर 2021 चा. पंतप्रधानपदासाठी तुम्हाला आज कोण योग्य वाटते, असा प्रश्न होता. 2014 साली लष्करी उठाव करून सत्तेवर आलेले आणि पुढे निवडणुकीनंतरही खुर्चीवर टिकून राहिलेले प्रयुत चान-ओचा सतरा टक्क्यांच्या आसपास होते. मूव्ह फॉरवर्ड या तरुणांच्या पक्षाचे पिटा लिमजारोएनरात आणि माजी पंतप्रधान थाकसिन शिनावात्रा यांची धाकटी कन्या पैतोंगतार्न, हे दोघेही साडेदहा टक्क्यांच्या आगेमागे होते. मात्र यांतले कोणीही पहिल्या क्रमांकावर नव्हते. तक्त्याच्या सर्वांत वरच्या ओळीत, 36.54 टक्क्यांपुढे, माणसाचे नावच नव्हते. तिथे एक वाक्य होते आणि ते मी गल्लीच्या तोंडाशी खानोम क्रोक विकणाऱ्या बाईंना वाचायला सांगितले. खानोम क्रोक म्हणजे नारळाच्या दुधातले, थेट आपल्या आप्पेपात्रासारख्या बिडाच्या भांड्यात केलेले गोडसर आप्पे. त्या बाईंना सगळे 'पा' म्हणत, म्हणजे आईची किंवा वडिलांची थोरली बहीण. मी मनातल्या मनात त्यांना मावशीच म्हणत असे. मावशींनी उलथने बाजूला ठेवून ते वाक्य वाचले आणि मला मोडक्यातोडक्या इंग्रजीत अर्थ सांगितला: योग्य माणूस अजून सापडलेला नाही.

आपल्याकडे मतदानयंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण असते आणि त्यात नकार असतो, थोडा त्रागाही असतो. थाई वाक्याची जात वेगळी आहे. ते 'यांग' या शब्दाने सुरू होते आणि 'यांग' म्हणजे 'अजून'. शोध चालू आहे, दार लावून घेतलेले नाही, असे ते वाक्य सांगते. थायलंडमधल्या जनमत चाचण्यांकडे मी त्यानंतर ज्या कुतूहलाने पाहत आले, त्याचे मूळ त्या एका अव्ययात आहे.

अशा आकड्यांकडे पाहण्याची माझी नजर थोडी खराब झालेली आहे, हेही सांगून टाकते. कॉलेजात असताना सुटीच्या पैशांसाठी मी सातारा जिल्ह्यातल्या काही गावांत निवडणुकीच्या सर्वेक्षणाचे काम केले होते. हातात छापील प्रश्नावली, खांद्याला झोळी आणि उंबऱ्यावर बसलेली एखादी आजी. 'तुमच्या आमदारांचे काम कसे वाटते?' असे विचारले की आधी आजी मला विचारायची, 'तू कुणाच्या माणसांची गं?' मी कोणाचीच नाही हे तिला पटत नसे, आणि मग ती सगळ्यांनाच चांगले म्हणायची. आमदार चांगले, पडलेला उमेदवारही चांगला, सरपंच तर घरचाच. शेवटी पाणी देऊन, 'ऊन फार आहे, जा बाई आता,' असे सांगायची. कागदावर मी 'समाधानी' या चौकोनात खूण करत असे. ते समाधान कशाचे होते हे मला तेव्हाही ठाऊक होते. दारात आलेल्या पोरीला वाकडे उत्तर देऊन कशाला दुखवा, याला आपण भीड म्हणतो.

थाई भाषेत या भिडेला 'क्रेंग जाय' असे नाव आहे. समोरच्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून स्वतःचे मत, गैरसोय, कधीकधी भूकसुद्धा गिळून टाकण्याची ही रीत लहानपणापासून शिकवली जाते आणि तिचा अभिमानही बाळगला जातो. भिडेत भीतीची भर पडली की आकडे कसे होतात, याचा नमुना 2015 च्या डिसेंबरात जगाला पाहायला मिळाला. उठावाला दीड वर्ष झालेले होते; पाच किंवा त्याहून अधिक लोकांच्या राजकीय जमावाला बंदी होती; विरोधात बोलणाऱ्यांना 'दृष्टिकोन सुधारण्यासाठी' लष्करी छावणीत बोलावून घेतले जात होते. अशा काळात राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने पाहणी केली आणि सुमारे 99 टक्के लोक सरकारच्या कामावर समाधानी असल्याचे जाहीर केले. माझ्या साताऱ्याच्या प्रश्नावल्यांची बेरीजही साधारण तेवढीच आली असती.

म्हणूनच निडाच्या तक्त्याच्या शिखरावर एकही नाव नसणे मला मोलाचे वाटले. मोठ्यांविषयी वाईट न बोलता, कोणाचाही अपमान न करता, फोनवरच्या अनोळखी मुलीला न दुखवता खरे बोलण्याची एवढी एकच वाट भिडस्त माणसाला मोकळी असते. प्रयुत वाईट आहेत असे म्हणायचे नाही. योग्य माणूस अजून सापडलेला नाही, एवढेच म्हणायचे.

निडाची पद्धत तशी सरळ आहे. संस्थेकडे देशभरातल्या लोकांची एक मोठी यादी आहे. तिच्यातून चिठ्ठ्या उचलाव्यात तशी नावे निवडून अठरा वर्षांवरच्या दोन किंवा अडीच हजार माणसांना फोन केले जातात. 2023 साली देशात मतदार होते 5 कोटी 20 लाखांहून अधिक. त्यांच्या वतीने अडीच हजारांनी बोलायचे, याचे अनेकांना हसू येते; पण भाताचे शित चाचपण्याचे शास्त्र जगभर असेच चालते, फक्त भात नीट ढवळलेला असावा लागतो. मला गंमत वाटते ती दोन दशांश स्थळांची. अडीच हजारांत एक माणूस म्हणजे 0.04 टक्के. त्यामुळे 35.44 टक्के हा भारदस्त आकडा उलगडला की 886 माणसे उरतात, आणि दोन टक्के इकडेतिकडे होणे गृहीतच धरलेले असताना त्या शेवटच्या चारला काडीचाही अर्थ उरत नाही. तरीही मी ते आकडे उलगडत बसते. टक्केवारी कोणाची सहानुभूती मागत नाही, पण 886 माणसे म्हटले की निदान एका मोठ्या लग्नाचा मांडव डोळ्यांसमोर येतो.

ते 886 जण पिटा यांच्या वाट्याचे होते, आणि ते जमले त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. 2022 च्या जूनमध्ये पैतोंगतार्न 25.28 टक्क्यांवर पोहोचल्या आणि नाव नसलेली ओळ दुसऱ्या क्रमांकावर गेली. त्या तेव्हा राजकारणात नव्या होत्या, पण आडनाव जुने होते, आणि ईशान्येकडच्या इसान भागात त्या आडनावाने स्वस्त उपचार आणि गावनिधी आणल्याची आठवण घरोघर होती. मार्च 2023 मध्ये त्या 38.20 टक्क्यांवर होत्या. निवडणूक 14 मे रोजी होती. एप्रिलच्या मध्यात जाहीर झालेल्या चाचणीत त्या 35.70 वर आणि पिटा 20.25 वर होते. मेच्या पहिल्या आठवड्यात पिटा 35.44 वर आले आणि त्या 29.20 वर उतरल्या. दोन-अडीच आठवड्यांत पंधरा टक्के म्हणजे पाण्याची पातळी वाढणे नव्हे, बांध फुटणे.

तो का फुटला, याचे एक कारण नातेवाचक शब्दांत होते. थायलंडमध्ये राजकारण्यांना कोणी आडनावाने हाक मारत नाही. प्रयुत म्हणजे 'लुंग तू', त्यांचे लष्करातले ज्येष्ठ सहकारी प्रवित वोंगसुवान म्हणजे 'लुंग पोम'. लुंग म्हणजे आईवडिलांचा थोरला भाऊ. साहेब, दादा, ताई, भाऊ आणि काका यांच्यावाचून ज्यांचे राजकारण पुढे सरकत नाही, त्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. मूव्ह फॉरवर्डने त्याच हाकेची घोषणा केली: काका असतील तिथे आम्ही नाही, आम्ही असू तिथे काका नाहीत. फेऊ थाई पक्षाला, म्हणजे पैतोंगतार्न यांच्या पक्षाला, निवडणुकीनंतर प्रवितकाकांशी घरोबा करणार का या प्रश्नाचे उत्तर इतक्या स्पष्टपणे देता आले नाही. आमच्या कचेरीतल्या तिशीच्या आतल्या मुलामुलींनी त्या उशिरा आलेल्या आणि अर्धवट उत्तरांची तेव्हाच नोंद घेतली होती.

थाई कायद्याने मतदानाआधीच्या सात दिवसांत चाचणीचे निकाल छापायला बंदी आहे. त्या आठवड्यात शहर कसे कान बंद केल्यासारखे झाले होते. 14 मे रोजी संध्याकाळी पाच वाजता मतदान संपले आणि मिनिटभरात निडाचा कौल पडद्यावर आला: फेऊ थाईला 164 ते 172 जागा, मूव्ह फॉरवर्डला 80 ते 88. गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. रात्री दहापर्यंत त्या तक्त्याचा भुगा झालेला होता. मूव्ह फॉरवर्डने 151 जागा जिंकल्या, फेऊ थाईला 141 मिळाल्या, आणि बँकॉकच्या 33 जागांपैकी 32 नारिंगी, म्हणजे मूव्ह फॉरवर्डच्या, झाल्या.

चाचणीवाले चुकले म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांची यथेच्छ टिंगल झाली, आणि ती पहिलीच वेळ नव्हती. 2011 च्या निवडणुकीत सुआन दुसित विद्यापीठाच्या मतदानोत्तर चाचणीने फेऊ थाईला तीनशेहून अधिक जागा देऊन टाकल्या होत्या. प्रत्यक्षात 265 आल्या. (हे विद्यापीठ मुळात 1934 साली गृहविज्ञानाची शाळा म्हणून सुरू झाले आणि आजही त्याच्या पाकशाळेचे नाव मोठे आहे, आकड्यांत मीठ जास्त पडणे तिथे तरी व्हायला नको होते.) 2013 मध्ये बँकॉकच्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत चाचण्यांनी फेऊ थाईच्या उमेदवाराला विजयी घोषित केले आणि मतपेट्यांतून सुखुमबंद परिबत्र जवळपास पावणेदोन लाख मतांच्या आघाडीने निघाले. याउलट 2022 साली त्याच पदासाठी चाडचार्ट सित्तिफुंत यांना चाचण्या वर्षभर आधीपासून पहिला क्रमांक देत होत्या आणि त्यांना 13 लाख 86 हजार मते, म्हणजे निम्म्याहून अधिक, मिळाली. एक पद, एक शहर, एक मतपत्रिका आणि मधे कोणी नाही, अशी निवडणूक असली की लोकप्रियता मोजणे आणि मते मोजणे यांत फारसा फरक उरत नाही.

संसदेच्या निवडणुकीत मात्र तो फरक पडतो, आणि तो मला मावशींनी शिकवला. थायलंडमध्ये मतदानाच्या दिवशी, नाव जिथल्या घरनोंदणीत असेल तिथेच मत द्यावे लागते. मावशी मूळच्या इसानमधल्या रोई एत प्रांतातल्या. त्या रात्रीची बस पकडून गावी गेल्या आणि दोन दिवसांनी परतल्या. मत कोणाला दिले हे मी विचारले नाही, त्यांनीच आठवडाभराने आप्पे उलटताना सांगितले. जांभळी मतपत्रिका मतदारसंघाच्या उमेदवाराची, ती त्यांनी फेऊ थाईच्या माणसाला दिली, कारण त्याच्या वडिलांनी पुराच्या वर्षी तांदूळ पाठवले होते. हिरवी मतपत्रिका पक्षाची, ती पिटांना दिली, कारण लेकीने तसे सांगितले होते. आता मावशींना निडाने फोन केला असता, तर त्यांनी कोणाचे नाव सांगायला हवे होते? दोन्ही उत्तरे खरी होती आणि तक्त्यात त्यांना एकच रकाना होता.

या तांदळाच्या राजकारणाला थाई लोक 'बान याय' म्हणतात, म्हणजे मोठे घर. आपल्या भाषेत वाडा. गावोगावी 'हुआ खनेन' असतात, शब्दशः 'मतांचे डोके', आणि डोकी मोजून देणे हेच त्यांचे काम. अनुतिन चार्नविराकुल यांच्या भूमजैथाई पक्षाने 2023 मध्ये 71 जागा मिळवल्या, त्यांतल्या 68 जांभळ्या मतपत्रिकेवरच्या आणि हिरव्या मतपत्रिकेवरच्या अवघ्या 3. त्या सबंध काळात पंतप्रधानपदासाठी अनुतिन यांचे नाव घेणारे लोक शंभरात दोन-तीनच असायचे. फोनवर कोणाच्या ओठांवर येत नाही तो माणूस वाड्यांच्या भरवशावर संसदेत तिसऱ्या क्रमांकाचा पक्ष घेऊन बसतो, हे कोणत्याही चाचणीला दिसणे कठीण आहे, कारण चाचणी ओठांचीच असते.

पुढचे जगजाहीर आहे. 13 जुलै 2023 रोजी पिटा यांना पंतप्रधानपदासाठी 375 मते हवी होती आणि 324 मिळाली. उठावानंतरच्या राजवटीने नेमलेल्या 250 सिनेटरांपैकी केवळ 13 जणांनी त्यांच्या बाजूने मत दिले. फेऊ थाईने काकांच्या पक्षांशी घरोबा करून श्रेथा थाविसिन यांना पंतप्रधान केले, आणि निडाच्या तक्त्यात पिटा खुर्चीशिवाय वाढत गेले, श्रेथा खुर्चीवर बसून उतरत गेले. डिसेंबर 2023 मध्ये 39.40 आणि 22.35, मार्च 2024 मध्ये 42.75 आणि 17.75, जून 2024 मध्ये 45.50 आणि 12.85. तोवर मी पुण्याला परतले होते आणि रविवारी सकाळी फोनवर हे आकडे पाहत होते. 7 ऑगस्ट 2024 रोजी घटनात्मक न्यायालयाने मूव्ह फॉरवर्ड पक्ष विसर्जित केला, राजघराण्याच्या अवमानाविषयीच्या कलम 112 मध्ये दुरुस्ती करू पाहिल्याच्या कारणावरून, आणि पिटा यांना दहा वर्षांची राजकीय बंदी घातली. आठवड्याभराने त्याच न्यायालयाने श्रेथा यांनाही पदावरून दूर केले. पुढच्या तिमाहीच्या तक्त्यात पहिल्या क्रमांकाच्या माणसाचे नाव नव्हते. त्याची पसंती घटली नव्हती. प्रश्नातून तोच वजा झाला होता.

कलम 112 खाली तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे आणि त्या कलमाच्या कुंपणापलीकडच्या लोकप्रियतेविषयी कोणतीही चाचणी प्रश्न विचारत नाही. कधीकधी विचारलेलाही प्रश्न परत घ्यावा लागतो. 2018 च्या जानेवारीत प्रवितकाकांच्या मनगटावरची महागडी घड्याळे गाजत होती. ती मित्राकडून उसनी घेतल्याचा त्यांचा खुलासा लोकांना पटतो का, हे निडाने विचारले, आणि उत्तरे हाती आल्यावर संस्थेच्या प्रमुखांनी निकाल रोखून धरला. पोलचे संचालक आर्नोन साकवोराविच यांनी त्यावर राजीनामा दिला. निडाचे इतर तक्ते मी चिकित्सेने वाचते, पण न छापलेला हा तक्ता मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो.

2025 च्या मार्चमध्ये, श्रेथा यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या पैतोंगतार्न 30.90 टक्क्यांवर, पहिल्या क्रमांकावर होत्या. जूनच्या मध्यात कंबोडियाचे माजी पंतप्रधान हुन सेन यांच्याशी त्यांचे दूरध्वनीवरचे संभाषण फुटले. त्यात त्यांनी हुन सेन यांना 'अंकल' म्हटले होते आणि सीमेवरच्या आपल्याच सेनाधिकाऱ्याला 'विरुद्ध बाजूचा' ठरवले होते. पुन्हा काका, आणि या वेळी शेजारच्या देशातले. त्याच आठवड्यात झालेल्या चाचणीत त्यांचे नाव घेणारे 9.20 टक्के उरले, म्हणजे अडीच हजारांत 230 माणसे. पहिला क्रमांक मूव्ह फॉरवर्डच्या वारस पक्षाचे नेते नत्थाफोंग यांचा, 31.48. दुसरी आपली ओळखीची बिननावी ओळ, 19.88. आणि तिसऱ्या क्रमांकावर, 12.72 टक्क्यांनिशी, प्रयुत, ज्यांनी राजकारण सोडून दीड-दोन वर्षे झाली होती आणि जे राजाच्या सल्लागार मंडळावर बसले होते. लोकांनी निवृत्त काकांची आठवण काढली ती प्रेमाने की वैतागाने, हे दोन दशांश स्थळांत सांगता येत नाही.

ऑगस्टच्या अखेरीस न्यायालयाने पैतोंगतार्न यांनाही पायउतार केले. 5 सप्टेंबर 2025 रोजी संसदेने 311 मतांनी नवा पंतप्रधान निवडला, ते अनुतिन; चाचण्यांच्या शेपटाशी राहिलेले, वाड्यांचे अनुतिन, आणि त्यांना पाठिंबा दिला तो नत्थाफोंग यांच्या पक्षाने, चार महिन्यांत संसद विसर्जित करण्याच्या अटीवर. त्याच महिन्यातल्या चाचणीत अनुतिन 20.44 टक्क्यांवर गेले. माणूस लोकप्रिय असला तर खुर्ची मिळते असे नाही, पण खुर्ची मिळाली की महिन्याभरात माणूस लोकप्रिय होऊ शकतो, एवढे त्या आकड्यावरून दिसते. नत्थाफोंग 22.80 वर होते. आणि सर्वांच्या वर, 27.28 टक्क्यांनिशी, ती जुनीच ओळ परतली होती.

तो तक्ता मी मावशींना पाठवला. त्या अजून तिथेच बसतात, आप्पेपात्र मात्र नवे घेतले आहे. त्यांनी हसणारे चित्र पाठवले आणि खाली लिहिले की निडा आमच्या गल्लीपासून दहा मिनिटांवर आहे, एवढ्या वर्षांत मला एकदाही फोन आलेला नाही. आला असता तर काय सांगितले असते, असे मी विचारले. बराच वेळ 'टंकलेखन चालू' असे दिसत राहिले, मग ते थांबले, मग पुन्हा सुरू झाले. शेवटी उत्तर आले ते एकाच शब्दाचे होते: 'यांग.'